कालातीत रंग : एक शंका

गेल्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांच्या मूल्यांकनासाठी आम्ही काही प्राध्यापक नांदेडला एकत्र आलो होतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे येतात. त्यामुळे एरवी वर्षानुवर्षे न भेटणारी माणसे अशा वेळी एका टेबलाभोवती येतात. दुपारच्या चहाला लातूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मोबाइल माझ्यापुढे धरला. पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलीने आईच्या पन्नाशीनिमित्त एका नामांकित परदेशी कंपनीची चामडी हँडबॅग घेऊन द्यायचे ठरवले होते. किंमत ऐकल्यावर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने मनातल्या मनात आपल्या मानधनाचे गणित मांडले असावे. तो चहाचा कप घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला. मुलीने रंगाची निवड आईवर सोपवली होती. आईला मात्र असा रंग हवा होता, जो कधीही जुना वाटणार नाही. अशी वस्तू आपल्या घरात एकदाच यायची, हे तिचे कारण.

"मॅडम, तुम्ही मराठीच्या," ती म्हणाली. वीस वर्षांच्या मैत्रीनंतरही आम्ही एकमेकींना मॅडमच म्हणतो. "टाइमलेस रंगाला मराठीत काय म्हणायचं आणि तो रंग कोणता, दोन्ही सांगा बघू."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले : कालातीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. त्या न दिलेल्या उत्तराचा विचार करता करताच प्रस्तुत लेख तयार झाला आहे. विषय काहीसा उथळ वाटेल, याची जाणीव आहे. पण 'कालातीत' हा शब्द आपण साहित्याचे अध्यापक जितक्या सहजतेने वापरतो, तितक्या सहजतेने तो हँडबॅग विकणाऱ्यांनीही वापरावा, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटली.

मोबाइलवरचा सल्ला असा होता : काळा घ्या, तपकिरी घ्या, नाहीतर 'न्यूड' म्हणून ओळखला जाणारा फिकट त्वचारंग घ्या, फार तर गडद निळा किंवा करडा. हे रंग कोणत्याही कपड्यावर चालतात, मळ दाखवत नाहीत, दहा वर्षांनीही डोळ्यांना खुपत नाहीत. व्यवहार म्हणून हा सल्ला चुकीचा नाही, हे आधीच मान्य करायला हवे. चार साड्या आणि एक पर्स असलेल्या बाईने चारही साड्यांवर चालेल अशीच पर्स घ्यावी, यात शहाणपणच आहे. माझी शंका व्यवहाराविषयी नाही. त्या व्यवहाराला 'कालातीत' असे नाव देण्याविषयी आहे.

आमच्या आयांच्या पिढीला रंगाविषयी एकच प्रश्न ठाऊक होता : रंग पक्का आहे ना? लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथल्या कापडाच्या दुकानात बसून माझी आई साडीच्या पदराचे टोक बोटाने ओले करी आणि पांढऱ्या रुमालावर घासून पाही. रुमाल कोरा राहिला तर साडी घरी येई. तो प्रश्न रंगाऱ्याच्या कामाला विचारलेला होता आणि त्याचे उत्तर कापड स्वतः देत असे. 'रंग कालातीत आहे ना?' हा प्रश्न तसा नाही. त्याचे उत्तर वस्तू देऊ शकत नाही. ते उद्याच्या लोकांच्या नजरेवर अवलंबून असते आणि उद्याची नजर कोणत्याही रुमालावर घासून पाहता येत नाही.

शिवाय हा प्रश्न विचारायला शिकवणारे कोण आहेत, तेही पाहावे. पँटोन नावाची अमेरिकी कंपनी २००० या वर्षापासून दर वर्षाचा एक रंग जाहीर करते. २०२५ साठी तिने 'मोका मूस' नावाचा तपकिरी रंग निवडला आणि २०२६ साठी 'क्लाउड डान्सर' नावाचा पांढरा. म्हणजे तपकिरी हा एका पानावर यंदाचा रंग होता आणि दुसऱ्या पानावर कधीही न बदलणारा रंग. ज्या बाजाराला दरवर्षी नवा रंग विकायचा असतो, त्यालाच बदलाने थकलेल्या गिऱ्हाइकासाठी न बदलणारा रंगही ठेवावा लागतो. एकाच दुकानाची ही दोन दारे आहेत.

बरे, हा तपकिरी रंग तरी काळाच्या पलीकडचा आहे का? त्याचे नावच पाहा. तपकिरी म्हणजे तपकिरीचा, नाकात ओढण्याच्या तंबाखूच्या पुडीचा. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मार्फत आला, हे सर्वमान्य आहे. तेव्हा हे रंगनाम त्याआधीचे असू शकत नाही. आज माझ्या वर्गातील बहुतेक मुलांनी तपकिरीची डबी पाहिलेली नाही; वस्तू गेली, तिचा रंग मात्र शब्दात राहिला. आपल्या भाषेतील रंगनामे प्रायः अशीच वस्तूंवरून आलेली आहेत : डाळिंबी, आमसुली, अंजिरी, वांगी, शेवाळी, विटकरी, मोतिया, अबोली, गव्हाळी. या शब्दांना गंध आहे, हंगाम आहे, शेत आहे. रंगाचे नाव उच्चारताना तो रंग कुठून आला, हेही उच्चारले जाते. मूळ वस्तू विसरली गेली की नाव कोरडे पडते आणि रंग जणू अनादी काळापासून होताच असे वाटू लागते. तपकिरीच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे.

विसर पडायला शतकेच लागतात असेही नाही. नवरात्रातल्या नऊ रंगांचे उदाहरण आपल्या सर्वांच्या अनुभवातले आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत 'महाराष्ट्र टाइम्स'ने दिवसाला एक रंग ही कल्पना लोकप्रिय केली. आज नांदेडला काय आणि लातूरला काय, नवरात्रात कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये डोकावावे. ज्या दिवशी जो रंग, त्या रंगाच्या साड्यांची रांग दिसते. मीही त्या रांगेत असते. ती हौस मला खोटी वाटत नाही. पण गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने निबंधात ही प्रथा 'प्राचीन काळापासून चालत आलेली' असल्याचे लिहिले. ती प्रथा फार तर त्या मुलीच्या वयाची. वीस-बावीस वर्षांत एक रंगमाला कालातीत झाली, कारण ती कुठून आली हे कोणी कोणाला सांगितले नाही.

परदेशातली गोष्ट वेगळी नाही. एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या खोक्यांचा नारिंगी रंग आज श्रीमंतीची खूण मानला जातो. तो रंग कोणा कलावंताने निवडलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत नेहमीचा फिकट पुठ्ठा मिळेना, तेव्हा पुरवठादाराकडे शिल्लक होता तो नारिंगी पुठ्ठा वापरावा लागला. अडचणीतून आलेला रंग पुढे परंपरा झाला. अडचण विसरली गेली नसती, तर त्या खोक्याकडे पाहताना टंचाईचे दिवस आठवले असते.

यावरून मला असे वाटू लागले आहे की, कालातीत असणे हा रंगाचा गुणधर्म नाही. ज्या रंगाचा काळ पाहणाऱ्याला आठवत नाही, त्याला आपण कालातीत म्हणतो. हे म्हणणे काळा, न्यूड आणि तपकिरी या तिन्ही शिफारशींवर एकेक करून तपासून पाहू.

काळ्याविषयी आपल्या घराघरांत दोन मते एकाच वेळी नांदतात. एरवी शुभकार्याला काळे नेसू नये. पण संक्रांतीला, विशेषतः लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, काळी चंद्रकळा हवीच. गळ्यातल्या मंगळसूत्राचे मणी काळे असतात आणि बाळाला लावायची तीटही काळी. म्हणजे काळा कधी वर्ज्य, कधी आवश्यक; तो प्रसंगाला बांधलेला आहे. 'कशावरही चालतो' हे वर्णन आमच्या आजीला काळ्याविषयी मुळीच पटले नसते.

उदगीर किंवा देगलूर ओलांडले की लागणाऱ्या बिदरमध्ये काळ्या रंगाची एक मोठी परंपरा आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर चांदीचे नक्षीकाम बसवतात आणि अगदी शेवटी बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून ती भांड्यावर चोळतात. धातू काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. नांदेड, लातूर आणि बिदर हे तिन्ही प्रदेश १९४८ पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानात होते; जुन्या घरांतून बिदरी पानदान अजूनही सापडते. हा काळा रंग शतकानुशतके टिकला आहे. तो टिकला, कारण कारागिरांच्या पिढ्यांनी ती माती ओळखायची कशी, हे पुढच्या पिढीला शिकवले. बिदरी काळ्याला जागा आहे, कृती आहे आणि हात आहेत. त्याला काळाच्या बाहेरचा म्हणणे हा त्या हातांवर अन्याय होईल.

आणि जगातली आजवरची सर्वांत महाग हँडबॅगही काळीच आहे, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. अभिनेत्री जेन बर्किन हिच्यासाठी एर्मेसने १९८५ च्या सुमारास घडवलेली मूळ पिशवी जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. पण ती कोरीकरकरीत नव्हती. बर्किनने ती सुमारे दहा वर्षे वापरली होती. तिच्यावर चरे होते, चिकटवलेल्या स्टिकरांचे डाग होते, आतल्या साखळीला नखे कापायचे यंत्र लटकत होते. त्याच कंपनीच्या त्याच रंगाच्या कोऱ्या पिशवीला त्या रकमेचा अंशही मिळत नाही. लिलावात काळ्या रंगाला किंमत आली नाही, त्या रंगावर उमटलेल्या दहा वर्षांना आली. कालातीततेची जाहिरात करणारा बाजार खरी किंमत मात्र काळाच्या खुणांची देतो!

दुसरी शिफारस न्यूडची. हा शब्द कोणत्या त्वचेवरून आला, हे सांगायला नकोच. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाला या शब्दाची गोऱ्या त्वचेशी बांधलेली व्याख्या २०१५ मध्ये बदलावी लागली. आपल्याकडे या निमित्ताने हसण्याचे कारण नाही. आपल्या विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी', 'गव्हाळ', 'निमगोरी' या शब्दांची उतरंड अजून शाबूत आहे. मराठवाड्याच्या उन्हात रापलेल्या, बसथांब्यावर उभे राहणाऱ्या कोणत्या बाईच्या हातावर तो फिकट पिठूळ रंग त्वचेत मिसळून जाईल? तो आमच्या हातावर उठूनच दिसतो. म्हणजे जो रंग तटस्थ म्हणून विकला जातो, तो कोणाच्या तरी शरीरापाशी तटस्थ असतो आणि बाकीच्यांपाशी परका.

राहिला तपकिरी, म्हणजे चामड्याचा स्वतःचा रंग. खरे सांगायचे तर त्या दुपारी मी याच रंगाची शिफारस करायच्या बेतात होते. माझ्यापाशी कारणेही तयार होती. हा तर आपल्या मातीतला रंग, असे मी म्हणणार होते. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची लाल कंधारी जनावरे, तिकडे लातूरची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी; माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दोन्ही पाहायला मिळतात. जनावराच्या रंगांसाठी आमच्या शेतकऱ्यांकडे जितके शब्द आहेत, तितके पँटोनच्या पुस्तकातही नसतील. पण कातडे कमावले की ते सारे भेद मिटतात आणि बाभळीची साल व हिरडा यांचा एकच रंग उरतो. तो रंग वरून फासलेला नसतो. ऊन, तेल आणि हाताचा घाम लागून तो वर्षानुवर्षे गडद होत जातो. लुई व्हिटाँसारख्या कंपनीच्या प्रसिद्ध पिशव्यांच्या मुठीही अशाच वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याच्या असतात. नव्या असताना फिकट, पुढे मधासारख्या. रंग मुरणे म्हणतात ते हेच.

हे सगळे मी उत्साहाने सांगत होते. मैत्रिणीने ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मॅडम, तो रंग तेवढा नको. त्याच पाण्यात आमच्या आजीचे हात जन्मभर भिजले. लग्नकार्यात हातभर हिरव्या बांगड्या भरायची, पण बोटं काही केल्या लपायची नाहीत. बोटांवरून लोकांना जात कळायची."

ती चर्मकार समाजातली आहे, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी तिला त्या रंगाचे सौंदर्य समजावून सांगत होते. त्या क्षणी आलेला संकोच अजून गेलेला नाही.

कोल्हापुरी पद्धतीने कातडे कमावण्याची जुनी रीत अनेकांना माहीत नसेल. चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे शिवून त्याचीच पिशवी करतात. तिच्यात बाभळीची साल, हिरड्याचा चुरा आणि पाणी भरून ती टांगून ठेवतात. ते पाणी कातड्यातून झिरपत राहते आणि कातडे आतून रंगते. चामडी पिशवीचा जन्म असा पिशवीच्याच रूपाने होतो. विहिरीची मोट आणि पाणक्याची पखाल या मराठवाड्यातल्या सर्वांत जुन्या चामडी पिशव्या म्हणता येतील. मोट विहिरीत उतरत होती, तिचे पाणी गावच्या पिकाला चालत होते. मोट शिवणाऱ्याची सावली मात्र त्या विहिरीला चालत नव्हती. वस्तू आत आणि माणूस बाहेर, ही आपली जुनी व्यवस्था आहे.

२०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील प्राडा कंपनीच्या कार्यक्रमात कोल्हापुरी चपलेशी तंतोतंत जुळणारी पायताणे दिसली, तेव्हा त्यांचे वर्णन केवळ 'चामडी सँडल' असे केले गेले होते. महाराष्ट्रात त्याविरुद्ध ओरड झाली. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून या चपलेसाठी २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कंपनीने पुढे प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २,००० जोड इथल्या कारागिरांकडून घडवून घेण्याचे जाहीर केले. किंमत सुमारे ८०० युरो. ही चांगली गोष्ट झाली. पण त्या जूनमध्ये आपण ज्या त्वेषाने 'आमची कोल्हापुरी' म्हणत होतो, त्या 'आमची'त कोण कोण होते, हा प्रश्न मला मैत्रिणीच्या त्या वाक्यानंतर पडला. परदेशी कंपनी कारागिराचे नाव विसरली, हे खरे. आपण मात्र ते नाव विसरलो नव्हतो. आपण ते शिवीसारखे लक्षात ठेवले होते आणि मानांकनापुरते अभिमानाने काढले.

ज्या प्रदेशात आपण राहतो, त्याच्या सीमेवर बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांत हरळय्या नावाचे चर्मकार होते. आख्यायिका अशी की, बसवेश्वरांनी आपल्या नमस्काराला दुहेरी नमस्कार केला, हे ऋण फेडायचे कसे, या चिंतेने हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीचे कातडे काढून त्यांच्यासाठी पादत्राणे शिवली. ती पायात घालण्याची आपली योग्यता नाही, असे म्हणून बसवेश्वरांनी ती मस्तकी लावली. पुढे हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला आणि त्या विवाहापायी दोन्ही पित्यांना देहान्त शासन झाले. लातूरकडच्या पुष्कळ घरांत ही कथा अजून सांगितली जाते. चामड्याचा रंग हा शेवटी कोणाच्या तरी कातडीचा रंग असतो, हे तिच्याइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही सांगितलेले नाही. तो रंग 'कालातीत' म्हणून बिनघोर हाती धरायचा, तर ही कथा विसरावी लागेल.

इथवर आल्यावर आपल्याच क्षेत्राकडे वळणे भाग आहे, कारण हा शब्द आपण बाजाराकडून उसना घेतलेला नाही. कदाचित बाजारानेच तो आपल्याकडून घेतला असेल. 'कालातीत साहित्य', 'चिरंतन मूल्ये', 'स्थलकालाच्या मर्यादा ओलांडणारी कलाकृती' ही विशेषणे आपण किती वर्षे वर्गात देत आलो आहोत! दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' १९७९ मध्ये. चर्मकार घरातल्या शिक्षकाने लिहिलेले ते पुस्तक. या लेखनाविषयी त्या काळात आणि नंतरही एक सूर वारंवार ऐकू आला : हे सामाजिक दस्तऐवज म्हणून महत्त्वाचे, पण कला म्हणून टिकेल का? हा प्रश्न विचारणाऱ्यांना जे साहित्य कालातीत वाटत होते, त्याचाही एक काळ होता, एक वाडा होता, एक माजघर होते. फक्त ते माजघर वाचकाच्याच घरातले असल्यामुळे त्याला ते दिसत नव्हते. न्यूड रंगासारखेच हे. स्वतःच्या त्वचेला जुळतो तो रंग आणि इतरांच्या त्वचेवर उठून दिसतो तो 'विशिष्ट', 'प्रादेशिक', 'दलित', 'स्त्रीवादी'.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. तेव्हापासून आमच्या व्याख्यानांतून 'अभिजात' आणि 'कालातीत' हे शब्द जोडीने वाहू लागले आहेत. पण तो दर्जा मिळाला कशाच्या बळावर? भाषेचे वय सिद्ध करणाऱ्या शिलालेखांच्या, ग्रंथांच्या, तारखांच्या. म्हणजे अभिजाततेचा पुरावाच मुळी काळाचा होता. जे काळातून आले आहे हे दाखवता येते, तेच अभिजात ठरले. मग कालातीत या शब्दाची घाई कशासाठी?

माझ्या या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. प्रत्येक रंगामागचा इतिहास आठवत बसायचे, तर माणसाने पर्स घ्यायचीच नाही का? आणि सौंदर्याचा आनंद हा काही प्रमाणात विस्मरणावरच उभा नसतो का? आक्षेप खरा आहे. नऊ रंगांच्या साड्या नेसताना मीदेखील वर्तमानपत्र आठवत नाही. विस्मरण हा गुन्हा नव्हे. पण विसरण्याची मुभा सर्वांना सारखी मिळालेली नाही, एवढे तरी आठवावे. मी त्या तपकिरी रंगाला सुंदर म्हणू शकले, कारण माझ्या आजीचे हात त्या पाण्यात नव्हते. आणि त्यातही दुसरी चूक आहे, ती मी त्या दुपारी जवळजवळ केलीच होती : इतिहास आठवून देणाऱ्याने तो रंग इतिहासाच्या वारसांच्या हातात अभिमान म्हणून कोंबू नये. ज्याच्या घराण्याने तो रंग वाहिला, त्याला तो मिरवण्याचा जसा हक्क आहे, तसा तो खाली ठेवण्याचाही आहे. कोणता हक्क कधी बजावायचा, हे आपण वर्गात शिकवू शकत नाही.

मैत्रिणीने पुढे काय केले, ते सांगून थांबते. दिवाळीनंतर लातूरला एका चर्चासत्राच्या निमित्ताने भेट झाली. खांद्याला नवी पर्स होती, डाळिंबी रंगाची. सल्ल्याच्या कोणत्याही यादीत हा रंग नव्हता. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "नोकरीतल्या पहिल्या पगाराची साडी याच रंगाची होती. आजीला दाखवायला गेले, तर हात पुसूनसुद्धा तिनं साडीला हात लावला नाही. डाग पडेल म्हणाली."

पर्सच्या कोपऱ्यावर एवढ्यातच एक ओरखडा आलेला होता. तो मी दाखवल्यावर ती म्हणाली, "येऊ द्या की. वापरायलाच घेतली आहे."

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःच शोधले होते. ते इतर कोणाच्या उपयोगाचे नाही, आणि उत्तर म्हणून त्याची हीच योग्यता मला मोठी वाटते.